मॉनिटरवरच्या सरकत्या पट्ट्या आणि बी विंगचे अर्थिंग

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. आमच्या संगणकाच्या मॉनिटरवर गेल्या आठवड्यापासून फिकट आडव्या पट्ट्या सतत वर सरकताना दिसतात आणि टाकीची मोटर सुरू झाली की त्या अधिक ठळक होतात. हाच मॉनिटर खानापूरला माहेरी नेऊन लावला, तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होते. मुलाची परीक्षा तोंडावर आहे. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया सांगावे.

ए-१०२ : वहिनी, आमच्याकडेही अशाच पट्ट्या येत होत्या. वायरमनने प्लगची मोठी पिन काढून टाकली आणि त्या लगेच गेल्या.

बी-३०१ : तसे कृपया कोणीही करू नये, आणि ए-१०२ यांनी तो प्लग आजच बदलून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठी पिन अर्थची, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत नेणाऱ्या तारेची असते. ती काढल्याने पट्ट्या जातात हे खरे, पण त्याबरोबर माणसाचे संरक्षणही जाते. ताई, संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? आणि संगणकाची आणखी एखादी केबल टीव्हीला जोडलेली आहे का?

बी-२०४ : होय काका, पायात चप्पल नसली की बारीक करंट जाणवतो. संगणकावरून एक एचडीएमआय केबल हॉलमधल्या टीव्हीलाही गेली आहे.

बी-३०१ : मग आता टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढून पाहा. प्लग बोर्डात असताना तिच्या टोकाच्या धातूला हात लावू नका; आधी संगणक आणि टीव्ही दोन्ही बंद करून प्लग काढा.

बी-२०४ : तसे केले. वायर काढल्यावर पट्ट्या पूर्ण गेल्या, मात्र झिणझिण्या तशाच आहेत.

बी-३०१ : याचा अर्थ असा, की संगणकाच्या पॉवर सप्लायमधून जो थोडासा गळतीचा प्रवाह एरवी अर्थच्या तारेतून जमिनीत जायला हवा, त्याला ती वाट मिळत नव्हती, म्हणून तो केबलच्या बाहेरील जाळीतून टीव्हीकडे आणि तिथून केबलवाल्याच्या वायरीने बाहेर जात होता. आपला मॉनिटर व्हीजीए केबलवर आहे आणि त्या केबलमधला चित्राचा सिग्नल जेमतेम ०.७ व्होल्टचा असतो. त्यात काही मिलीव्होल्टची भेसळ झाली तरी डोळ्यांना दिसते. वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि पडदा ६० वेळा ताजा होतो, म्हणून पट्टी एका जागी न थांबता सरकते.

सायंकाळी मी मल्टिमीटर घेऊन येतो. वायरमनकडूनही मोजून घेता येईल, मात्र केवळ टेस्टर लावून 'लाईट आहे' म्हणणे पुरेसे नाही.

बी-३०१ (रात्री) : बी-२०४ मध्ये संगणकाच्या सॉकेटवर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये २३१ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ११८ आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११२ व्होल्ट मिळाले. अर्थ नीट असता, तर शेवटचा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असता. निम्मा-निम्मा दाब दिसणे, हे अर्थची तार कुठेतरी तुटून लोंबकळत असल्याचे लक्षण आहे. नंतर ३०१, ३०४ आणि १०३ मध्येही मोजले. तिथेही न्यूट्रल आणि अर्थमधील दाब असाच बराच जास्त आढळला. म्हणजे दोष एका घराचा नसून आपल्या पूर्ण विंगचा आहे.

मला खरी काळजी याचीच वाटते. आपल्या सगळ्यांच्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत, पण जमिनीला जोडलेल्या नाहीत. उद्या कोणाच्या गीझरचे इन्सुलेशन गेले, तर तो करंट दुसऱ्याच्या फ्रीजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येईल, आणि ज्याच्या घरात काहीही बिघडलेले नाही त्यालाच धक्का बसेल. ज्यांच्याकडे ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आहे, त्यांनी त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का, हे आजच पाहावे.

सेक्रेटरी : उद्या सकाळी परवानाधारक ठेकेदाराला बोलावतो. मागच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, तेव्हा त्यात पाणी ओतले होते. तसे पुन्हा करावे का?

बी-३०१ : पाणी ओतणे चांगलेच, कारण आपल्याकडचा जांभा उन्हाळ्यात पार कोरडा होतो. पण तार जर वरच तुटलेली असेल, तर खड्ड्यात कितीही पाणी घालून उपयोग नाही. आधी मीटररूममधली अर्थिंगची धातूची पट्टी तपासून घ्यावी.

सेक्रेटरी (दुसऱ्या दिवशी) : मीटररूमच्या मागे, पावसाळ्यात भिंतीवरून जिथे पाणी झिरपते, तिथे पट्टीचा बोल्ट गंजून सुटलेला सापडला. पट्टी घासून नवीन बोल्ट बसवला आहे. बी-२०४ मध्ये न्यूट्रल-अर्थ आता १.४ व्होल्ट आहे.

बी-२०४ : झिणझिण्या थांबल्या, सर्वांचे मनापासून आभार. मात्र टीव्हीची वायर परत जोडली, तर अगदी फिकट पट्टी अजून दिसते.

बी-३०१ : आता आपला अर्थ आणि केबलवाल्याचा अर्थ, असे दोन अर्थ एकाच जाळीने जोडले गेले आहेत आणि त्यांच्यातील थोड्या फरकामुळे ती पट्टी येते. केबलवाल्याला त्या वायरीवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन दोन अर्थमधली जोड तोडणारा भाग) बसवायला सांगा. तोवर अभ्यासाच्या वेळी टीव्हीकडची एचडीएमआय काढून ठेवा. ए विंगच्या सभासदांनीही रविवारपर्यंत आपापल्या घरचा न्यूट्रल-अर्थ आकडा फ्लॅट क्रमांकासह इथे कळवावा. ए-१०२ यांचा आकडा मी स्वतः येऊन मोजतो, नवीन प्लगही घेऊन येतो.