भरतीत नाल्याचं तोंड बुडलं की नुसता नाला साफ करून उपयोग नाही

पणजीत पाणी तुंबतं ते नाल्यातल्या गाळामुळे, हे नेहमीचं म्हणणं अर्धंच पटतं. गाळ काढलाच पाहिजे, पण शहरातल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्याचा भाग इतका सखल आहे की उधाणाच्या भरतीला मांडवी नदीची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर जाते. मग आतलं पाणी ओहोटीपर्यंत तसंच थांबतं. पाऊस नेमका त्या तासांत कोसळला की नाला कितीही स्वच्छ असो, रस्त्यावर पाणी येणारच. म्हणून पावसाच्या इशाऱ्यासोबत भरतीचं वेळापत्रकही बघायला हवं, विशेषतः अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास.

या चर्चेत खाजनांचा, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींचा, उल्लेख सहसा होत नाही. तिथलंही गणित भरती-ओहोटीचंच. बांधातल्या मानशीची (पाण्याच्या ये-जा करण्याच्या वाटेची) लाकडी दारं पाण्याच्या दाबावर चालतात: भरतीत नदीचं पाणी दार दाबून बंद करतं, ओहोटीत आतलं पाणी ते बाहेर ढकलून उघडतं. ना वीज, ना पंप. बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी. फळी कुजते, खाचेत दगड किंवा प्लास्टिक अडकतं, कुर्ल्या म्हणजे खेकडे बांधाला बिळं पाडतात (सुरुवातीला मूठभर चिखलाने बुजणारं भोक नंतर खिंडार होतं), नाहीतर मासळीच्या हव्यासापायी दार भरतीतही उघडं ठेवलं जातं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की कोरगुटसारखं खारं सोसणारं भातही दमतं. त्यात शेत पडीक पडलं की कुळांना बांध राखण्यात रस उरत नाही, आणि पडीक खाजन म्हणजे भराव टाकायला मोकळी जागा. पावसाचं पाणी साठवणारी जागा अशीच जाते.