याकिमाहून आणलेली हॉपची ताजी फुले आणि बिअरला आलेला गवताचा वास

हिरवीवेल यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली सहा वर्षे मी घरी बिअर बनवत आहे, एका वेळी २० लिटर आणि बहुतेकदा पेल एल या फिकट रंगाच्या प्रकाराची. यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात जाण्याचा योग आला. अमेरिकेतील सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) ज्या राज्यात पिकतात, त्याचे हे मुख्य खोरे. साडेपाच मीटर उंचीवर ताणलेल्या तारा आणि त्यांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या काथ्याच्या दोऱ्या, त्यांना वेटोळे घालून वर गेलेले वेल, आणि ते वेल दोरीसकट कापून नेणारे ट्रक, हे सारे डोळे भरून पाहिले.

शेताच्या बांधालाच लागून असलेल्या एका छोट्या ब्रुअरीत तिथल्या ब्रुअरने एक फूल उभे चिरून पाकळ्यांच्या मुळाशी साचलेली पिवळी पूड दाखवली, मग मूठभर फुले तळहातांवर चोळून नाकाशी धरायला सांगितली. निघताना त्यांनी आपण होऊन कॅस्केड वाणाची किलोभर ताजी फुले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली आणि ‘आजच वापरा’ असे बजावले. मला घरी पोहोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. गाडीतून पिशवी काढून आत हात घातला, तर फुले चक्क कोमट लागली, आणि काहींच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. तरीही मी त्यातली अर्धी फुले वर्टच्या (आंबवण्याआधीच्या, धान्याच्या गोड रसाच्या) उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत टाकली आणि अर्धी फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, सहा दिवस ठेवली.

त्या ब्रुअरीतल्या ताज्या हॉपच्या बिअरला संत्र्याच्या सालीसारखा टवटवीत गंध होता. माझ्या बिअरला मात्र कापून ढिगात ठेवलेल्या ओल्या गवताचा वास येतो आहे, आणि घोट गिळल्यावर जिभेवर तुरट थर राहतो. यात दोष फुलांचा की माझ्या पद्धतीचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उकळी यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कोमट पिशवीतच आहे. वेलावरून उतरवलेल्या फुलात वजनाच्या ७५ ते ८० टक्के पाणी असते आणि तोडल्यानंतरही त्याचे श्वसन चालूच राहते. ओला चारा रचून ठेवला की गंजी आतून तापते, तसेच बंद पिशवीतल्या फुलांचे होते. ऊब वाढली की कुजण्याची क्रिया सुरू होते आणि सुगंधी तेले बिघडू लागतात. म्हणूनच शेतावर फुले वेलापासून सुटी झाली की ती लवकरात लवकर भट्टीत नेऊन साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात आणि पाण्याचे प्रमाण ८ ते १० टक्क्यांवर आणतात. याकिमा शहरात ताज्या हॉपच्या बिअरचा जो महोत्सव भरतो, त्यात तोडणीपासून २४ तासांच्या आत वापरलेल्या फुलांचीच बिअर चालते, ती उगीच नव्हे.

पुढच्या वेळी पिशवी प्लास्टिकची नको. जाळीची किंवा कापडी पिशवी घ्यावी, फुले दाबून भरू नयेत, आणि शीतपेटीत बर्फाच्या वर, पण ओल लागणार नाही अशा बेताने ठेवावीत. ‘आजच’ म्हणजे खरोखर आजच.

तळातलागाळ यांचे उत्तर:

उकळी यांचे म्हणणे मान्य आहे. मात्र फुले अगदी ताजी असती, तरी तुरटपणा आलाच असता असे मला वाटते. एक किलो ताज्या फुलांत पाणी ७८ टक्के धरले, तर सुका भाग २२० ग्रॅम उरतो, म्हणजे वाळवलेल्या हॉपच्या हिशेबात जेमतेम २४५ ग्रॅम. सुक्याच्या चार ते सहा पट ताजे, हा ब्रुअर मंडळींचा ठोकताळा यातूनच आलेला आहे. २० लिटरला एवढा हॉप अवाजवी नाही, पण त्यासोबत किलोभर हिरवा पाला आपण बिअरमध्ये घातला, आणि त्यातला निम्मा सहा दिवस तिथेच राहिला. गवताचा वास आणि तुरटपणा पाल्यातूनच येतो. शिवाय पाकळ्यांमध्ये अडकलेली हवा आणि फुलांवरचे रानटी यीस्ट ही दोन्ही थंड बिअरमध्ये शिरली, ती वेगळीच.

मी ताजी फुले फर्मेंटरमध्ये घालतच नाही. उकळी संपवून आच बंद करावी, वर्ट ८० अंशांच्या जवळ उतरू द्यावे, मग जाळीच्या पिशवीतली सगळी फुले त्यात २० ते ३० मिनिटे बुडवून बाहेर काढावीत. तेवढ्या उष्णतेने जंतूंचा बंदोबस्त होतो आणि सुगंधही फारसा उडून जात नाही. कडवटपणासाठी मात्र पेलेट्सच (वाळवलेल्या हॉपच्या दाबून केलेल्या गोळ्या) वापरावेत, कारण त्यांच्या पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचे प्रमाण छापलेले असते. आपल्या पिशवीतल्या फुलांचे ते प्रमाण त्या ब्रुअरलाही नेमके सांगता आले नसते. फुलांमधून पाऊण लिटर पाणी बिअरमध्ये येऊ शकते, तेव्हा मूळ वर्ट थोडे दाट ठेवावे.

कोरडाशंकू यांचे उत्तर:

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ताज्या फुलांचे एवढे कौतुक मला कधीच कळलेले नाही. भट्टी ही हॉपच्या चवीची शत्रू नव्हे. नीट वाळवलेले फूल महिनोन्‌महिने थंडीत टिकते आणि दर वेळी जवळपास सारखीच बिअर देते. फुलाच्या मधला देठ वाकवल्यावर कट्‌ असा तुटला की वाळवण बरोबर झाली, ही साधी खूण आपणही वापरू शकतो.

हंगामात याकिमाला जाण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. त्याच दिवसांत मोठ्या ब्रुअऱ्यांची माणसे एकाच वाणाचे निरनिराळ्या शेतांतले नमुने चोळून हुंगतात आणि वर्षभरासाठी माल निवडतात. एकच वाण लवकर तोडला तर मंद आणि हिरवट, फार उशिरा तोडला तर कांदा-लसणाकडे झुकलेला गंध देऊ शकतो. याकिमाजवळच्या मॉक्सी येथे हॉपच्या शेतातच उभी असलेली बेल ब्रेकर ब्रुअरी ज्या कुटुंबाची आहे, ते १९३२ पासून हॉप पिकवत आले आहे. अशा ठिकाणी गेल्यावर ‘हा कॅस्केड कोणत्या आठवड्यातला?’ असे आवर्जून विचारावे.

हिरवीवेल:

सर्वांचे आभार. टिपणवही पुन्हा उघडून पाहिली. त्या ब्रुअरीत फुले जाळीच्या तळाच्या मोठ्या भांड्यात भरलेली होती आणि त्यांवरून गरम वर्ट सोडत होते, असे मीच लिहून ठेवले आहे. फर्मेंटरचा उल्लेख कुठेच नाही. ते मी माझ्याच मनाने केले. आता एकच शंका उरली आहे. १२ लिटर बिअर शिल्लक आहे, ती ठेवावी की ओतून द्यावी?

तळातलागाळ:

एक अंशावर तीन आठवडे ठेवून पाहावी. तुरटपणा गाळासोबत बराचसा खाली बसेल. तापलेल्या फुलांचा कुजकट वास मात्र जाणार नाही, तेव्हा चौथ्या आठवड्यात एक पेला काढून हुंगावा आणि तो वास तसाच असेल तर खुशाल ओतून द्यावी.