ढगाळ उजेडातलं लोखंड

कारखाने, बांधकामं चितारायची तर तिरपं ऊन हवंच, सावल्यांशिवाय लोखंड मेलेलं दिसतं, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. रंगचित्रापुरतं ठीक आहे. पण बेर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने १९५९ पासून नेमकं उलटं केलं. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या (लोखंड गाळायच्या उंच भट्ट्या), खाणींवरचे मनोरे, सगळं ढगाळ आकाशाखाली, कृष्णधवल, समोरून आणि शक्यतो थोड्या उंचीवरून टिपलं. मग एकाच जातीच्या टाक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे. तसे लावले की डोळा आपोआप फरक शोधू लागतो: इथे जिना बाहेरून गेलाय, तिथे पाय आखूड आहेत. १९९० साली व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला तोही शिल्पकलेचा, आणि काम तर सगळं फोटोंचं! मला हे फार मोठं वाटतं.

बांधकामावर स्केच करणाऱ्यांनी स्लॅब भरायच्या आदला दिवस गाठावा. सळयांची बांधलेली जाळी, खाली फळ्या आणि टेकूंचं रान, हे तेव्हाच दिसतं. काँक्रीट पडलं की जाळी कायमची आत जाते. स्लॅब कधी भरणार हे सेंट्रिंगवाल्यांना (फळ्या-टेकू लावणाऱ्या कामगारांना) विचारा, मला तरी ते नेहमी आपुलकीने सांगतात. आत जायची परवानगी नसेल तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून काढा, जाळीची वीण वरूनच नीट कळते.