सपाट फटके मारणाऱ्या खेळाडूने कोणती टेनिस रॅकेट घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात क्लब पातळीवर हार्ड कोर्टवर टेनिस खेळते. माझी फोरहँडची पकड ईस्टर्न (सपाट फटक्याला सोयीची) आहे, दोन हातांचा बॅकहँड त्याहूनही सपाट लागतो आणि टॉपस्पिनकडे (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देण्याकडे) माझा कल मुळातच कमी आहे. सध्याची रॅकेट १०० चौरस इंच हेडची, ३०० ग्रॅमची, १६ बाय १९ तारांची (१६ उभ्या, १९ आडव्या) असून तिची फ्रेम जाड व कडक आहे. रॅलीत चेंडू आत राहतो, पण आखूड आलेल्या चेंडूवर पुढे जाऊन पूर्ण जोराने फटका मारला की तो बेसलाईनच्या हातभर बाहेर पडतो. पकड बदलण्याचा सल्ला मिळतो. मात्र माझा सगळा खेळ ज्या फटक्यावर उभा आहे, तोच सोडण्याची माझी तयारी नाही. ९८ चौरस इंची, १८ बाय २० तारांची रॅकेट घेतल्यास फरक पडेल का?

प्रतिसाद १

फरक पडेल. टॉपस्पिन दिलेला चेंडू हवेत खाली वळतो, त्यामुळे तो जाळीवरून बराच उंच गेला तरी कोर्टात उतरतो. सपाट चेंडूला ही मदत मिळत नाही. जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर उंच आणि कोर्ट २३.७७ मीटर लांब, त्यामुळे जोरदार सपाट फटक्याला सुटण्याच्या कोनात फारच थोडी मोकळीक उरते. म्हणून तुमच्या रॅकेटने चेंडू दर वेळी त्याच कोनात सोडला पाहिजे. ताकद तुमच्या हातात आहेच. १६ बाय १९ मधल्या विरळ तारा चेंडू लागताच सरकतात आणि झटक्याने जागेवर येतात, त्यातून फिरकी वाढते, पण चेंडू वरच्या कोनात सुटतो. १८ बाय २० चे दाट जाळे कमी दबते आणि चेंडू खालच्या कोनात सुटतो. विल्सन ब्लेड ९८ ची १८ बाय २० आवृत्ती आणि टेक्निफायबरची टीएफ४० या दोन्ही मागवून खेळून पाहाव्यात.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटते, तरीही मी आधी गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, बदलेन. २०२२ ची विम्बल्डन विजेती एलेना रिबाकिना अतिशय सपाट मारते आणि तिची योनेक्स रॅकेट १०० चौरस इंची आहे, म्हणजे केवळ हेडच्या आकारावर दोष टाकता येत नाही. तुमच्या तारा पॉलिएस्टरच्या असतील तर त्या न तुटताही सैल पडतात आणि चेंडू लांब जाऊ लागतो. एक उभी तार बोटाने बाजूला सारून पाहा. ती परत न येता तिथेच अडकली आणि आडव्या तारेशी छेदाच्या जागी खाच दिसली, तर त्या तारांवरून रॅकेटची पारख करणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्नकर्ती

तार खरोखरच तिथेच अडकते आणि खाचाही आहेत. पॉलिएस्टर ५० पौंडांवर बसवून बरेच महिने झाले. टेन्शन (तारांचा ताण) वाढवावे का? कोपर अधूनमधून दुखते.

प्रतिसाद ३

कोपर दुखत असताना पॉलिएस्टरचे टेन्शन वाढवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. सपाट फटक्याला फिरकीसाठी सरकणाऱ्या पॉलिएस्टरची गरजही फारशी नसते. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंची) तार ५४ ते ५५ पौंडांवर बसवा. ती मऊ आहे, शिवाय टेन्शनही जास्त काळ धरते. चेंडू तरीही बाहेर जात असेल, तर मगच दाट तारांची, लवचीक फ्रेमची रॅकेट घ्यावी.

वजनाबाबत ३०५ ग्रॅमच्या आसपास, मुठीकडे तोल असलेली रॅकेट मला योग्य वाटते, कारण समोरून वेगाने आलेल्या चेंडूवर हलकी रॅकेट हातात वळते आणि सपाट फटक्याची दिशा तिथेच बिघडते. मात्र फ्रेमवर छापलेले वजन बहुधा तारांशिवायचे असते. तारांचे साधारण १५ ते १८ ग्रॅम आणि वरच्या ग्रिपचे वजन त्यात धरूनच विचार करावा. चाचणी घेताना तुम्हाला अडचणीचा ठरणारा आखूड चेंडूच पुन्हा पुन्हा टाकायला सांगा, आणि तोही तासभर खेळून खांदा थकल्यावर. हात ताजा असताना जड रॅकेट सगळ्यांनाच आवडते.