दिवसभर समोरचा वारा : कॅनडाच्या सपाटीची तयारी देवगडात कशी करू?

रानवाट, देवगड
जूनमध्ये बहिणीकडे कॅलगरीला जातोय. तिथून ट्रान्स-कॅनडा हायवेने सायकलवर विनिपेग गाठायचं आहे, साधारण 1,300 किलोमीटर. तंबू, स्टोव्ह, सगळं सामान सायकलवरच. चढाची चिंता नाही. दर खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चढायचं, याची पायांना सवय आहे. धास्ती आहे ती वाऱ्याची. आपल्याकडे वारा लागला तरी पुढच्या वळणावर आंब्याची बाग येते, नाहीतर एखादा गडगा. तिथे म्हणे तासन्‌तास आडोसाच नाही. एप्रिल-मे हातात आहेत. सराव कुठे करू?

वायरीवालो, मालवण
मी होडयेवरलो माणूस. आमचो नेम एकच, सकाळी मतलई आसता तवसर कामा आटपायची. दुपारनंतर भायरसून वारो सुटलो की त्याच्याशी भांडान उपयोग नाय. सायकलीकय ह्याच लागू.

कातळफूल, रत्नागिरी
मी हाच पट्टा सायकलने केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिशा. कॅलगरी ते विनिपेग म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला, हे उत्तम. तिथे पश्चिमेचा वारा जास्त वाहतो. शिवाय कॅलगरी हजारेक मीटर उंचीवर आणि विनिपेग अडीचशेच्या आत, त्यामुळे एकूण उतारच. पण त्यावर विसंबून तारखा बांधू नका. उन्हाळ्यात तिथे पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वाराही सुटतो, आणि सुटला की दिवसभर तोंडावर.

मालवणचे दादा म्हणतात ते तिथेही खरं आहे, फक्त कारण वेगळं. आपल्याकडे जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा आत येतो. तिथे समुद्र नाही. जमीन तापून हवा घुसळली जाते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. दोन्हीकडे जोर दुपारीच. जूनमध्ये तिथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि रात्री नऊनंतरही उजेड असतो. उजाडताच निघा, दुपारी एखाद्या गावात थांबा, वारा पडला तर संध्याकाळी पुन्हा चाला.

आता ताकदीचा हिशेब. तुम्ही ताशी 15 ने जाताय आणि समोरून 20 चा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुमचा वेग 35. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसतानाच्या पाचपटीहून जास्त. अशा वेळी वेग टिकवायला गेलात तर दोन तासांत पाय संपतात. गिअर हलका करा, ताशी नऊ-दहावर या, कोपरं वाकवून अंग खाली घ्या. तिथे लांबून धान्याचं उंच कोठार दिसतं आणि तासभर पॅडल मारूनही जवळ येत नाही. म्हणून किलोमीटर मोजू नका, तास मोजा. हे मी अगदी कळकळीने सांगते. पाय तयार असलेली माणसंसुद्धा त्या आकड्याकडे बघून खचतात.

सराव तुमच्या दारातच आहे. जामसंड्याहून विजयदुर्गाकडे जाणारा सड्यावरचा रस्ता घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे उत्तरेकडे जाताना डावीकडून तिरपा तोंडावर येतो. पूर्ण सामान लादूनच जा, रिकाम्या सायकलीवर त्याचा अंदाज येत नाही. मात्र कातळ तापलेला असतो, तेव्हा तीन-साडेतीनच्या आधी नको. मीठ घातलेलं कोकम सरबत भरपूर बरोबर ठेवा. वाटेत सामान तपासा. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत असलं तरी ते ब्रेकसारखं ओढतं.

रानवाट
ताई, खूप आभार. बाजूने वारा असताना ट्रक गेला तर?

कातळफूल
तिथे वाहतूक उजवीकडून, म्हणजे ट्रक तुमच्या डाव्या हाताने पुढे जाणार. पूर्वेला जाताना उत्तरेचा वारा असेल तेव्हा सांभाळा. तुम्ही वाऱ्यावर डावीकडे रेललेले असता, ट्रक आला की वारा क्षणभर तुटतो आणि सायकल त्याच्याकडेच ओढली जाते. तो पुढे गेला की वारा पुन्हा धाडकन आदळतो. हँडल घट्ट आवळू नका, शोल्डरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीच्या, बाहेरच्या कडेला जागा ठेवून चालवा. याचाही सराव इथे होतो. परतीला दक्षिणेकडे येताना वारा उजवीकडून आणि डंपरही उजवीकडून, अगदी तोच प्रकार, फक्त बाजू उलटी. जड सामान पुढच्या चाकाजवळ खाली बांधलंत तर हँडल कमी भरकटतं.

आणि कान झाका. दिवसभर कानात वारा घोंघावला की डोकं पायांच्या आधी थकतं. पातळ कानटोपी पुरते. पण मग मागचा ट्रक ऐकू येत नाही, तेव्हा आरसा हवाच, आणि तिथे तो डाव्या बाजूला लावा.