खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं नकोसं शेवाळ: तुमचे अनुभव लिहा

तुमच्या टाकीत काय उगवलं, ते नेमकं काय आहे हे कसं ओळखलंत आणि कशानं गेलं, तेवढं सांगा. नुसतं 'पाणी बदला' नको, ते सगळ्यांना पाठ आहे.

— नवी टाकी, वाळूवर तपकिरी थर: डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ). काच पुसत राहिले आणि पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधलं डीआय रेझिन बदललं. रेझिन थकलं की सिलिकेट आधी निसटतं. काही आठवड्यांत आपोआप गेलं.

— माझंही तपकिरीच, पण टाकी जुनी. शेवाळाचं खाद्य म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य, तरी वाळूवर लाळेसारख्या तारा आणि त्यांत अडकलेले बुडबुडे. रात्री निम्मं गायब, दुपारी परत हजर! गोगलगायी मरायला लागल्या तेव्हा संशय आला. तो चिकटा बाटलीत खळखळून हलवला, गाळून उजेडात ठेवला. तासाभरात तारा पुन्हा जुळल्या. म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव). मायक्रोस्कोपखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी जागच्या जागी गरगरत होत्या: ऑस्ट्रिऑप्सिस. ही जात रात्री पाण्यात तरंगते, म्हणून यूव्ही (आतून जाणाऱ्या पाण्यातले जीव मारणारा दिवा) लागू पडला. मात्र पाणी थेट टाकीतून ओढून टाकीतच सोडायचं. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) काढलं, शून्यावरून वाढवून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवलं. पाणी बदलणं बंद. हो, बंदच.

— यूव्हीवर पैसे घालण्याआधी जात बघाच. माझ्याकडे निघालं अँफिडिनियम, डायनोच पण वेगळे. ते वाळू सोडतच नाही, यूव्ही काय करणार? उलट सिलिकेट घालून डायटम वाढवले, त्यांनी जागा बळकावली. (वरच्या ताई डायटम घालवतायत, मी विकतचं सिलिकेट घालून आणतोय.)

— लाल बुळबुळीत थर, कोपरा उचलला की अख्खा निघतो: सायनो. हे शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया. सायफननं ओढलं, त्या कोपऱ्याकडे प्रवाह वळवला. एरिथ्रोमायसिनवालं औषध शेवटी वापरलं. काम करतं, पण ऑक्सिजन उतरतो, एअरस्टोन हवाच.

— ऑक्सिजनवरून आठवलं. नायट्रेट उतरवायला व्होडका घालत होतो (ती खाऊन बॅक्टेरिया वाढतात, नायट्रेट वापरतात), एका सकाळी पाणी दुधाळ आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. बॅक्टेरियांचा बहर. डोस थांबवला, हवा वाढवली, निवळलं.

— पिसासारख्या फांद्यांचं हिरवं शेवाळ म्हणजे ब्रायोप्सिस. उपटून दमू नका, फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) घाला. फिल्टरमधला कार्बन मात्र आधी काढा, नाहीतर तोच औषध शोषतो.

— बुडबुडा शेवाळाला एमराल्ड खेकडा सगळे सुचवतात. आमच्या खेकड्यानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माशांच्या दाण्यांवर मजेत आहे. कुणाच्या खेकड्यानं खरंच खाल्लंय का?