खासगी अभ्यासगट अमेरिकेचं परराष्ट्र धोरण खरंच ठरवतात का?

प्रश्न: न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स या खासगी अभ्याससंस्थेचा प्रभाव कागदोपत्री कुठे दिसतो? अफवा नकोत.

प्रतिसाद 1: कौन्सिलचा 1939चा 'वॉर अँड पीस स्टडीज' प्रकल्प बघा. पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा, वाचक परराष्ट्र खातं. 1945पर्यंत 682 टिपणं. मार्च 1940च्या टिपणात ग्रीनलंड मन्रो सिद्धांताच्या (अमेरिका खंडांत युरोपीय सत्तांनी हस्तक्षेप करू नये, हे अमेरिकेचं जुनं धोरण) कक्षेत धरा, असं सुचवलं होतं. एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला (ग्रीनलंड डेन्मार्कचंच), तेव्हा युक्तिवाद तयारच होता!

प्रतिसाद 2: पण टिपण पोचलं म्हणजे निर्णय झाला, असं धरू नका, इथेच बहुतेकांची गफलत होते. टिपणाची तारीख, खात्यातले शेरे आणि अंतिम आदेश ताडून पाहा. खरा जोर माणसांच्या ये-जा करण्यात. 1942पासून प्रकल्पातल्या अभ्यासगटांचे संशोधन सचिव आठवड्यातले काही दिवस खात्यातच काम करत.